हो म्हणेपर्यंत थांब

१२ मार्च

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुझं, भावजयीचं आणि दोन्ही पोरींचं ठीक असेल असं मी धरून चालते, कारण तुझ्या पत्रात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. सगळं पत्र स्वतःच्या हाताच्या कौतुकानं भरलेलं. 'ताई, पाहिलंस ना, त्याला कळलंसुद्धा नाही!' पाहिलं, बाबा. माझ्याच शिवणघरात, माझ्याच कापड बेतायच्या टेबलावर झालं, तर न पाहून जाते कुठे?

तू घोडागाडीत बसून गेलास. मागचं निस्तरायला मी. शेजारचा पावाचा भट्टीवाला कितीतरी वेळ खुर्चीत बसून होता, हाताच्या फडक्याकडे बघत. ओरडला नाही की रडला नाही. माझ्या दोन्ही शिवणाऱ्या बायका भिंतीला चिकटून उभ्या. मग तो मला म्हणाला, "बाई, ते नुसतं बघणार होते ना?"

काय सांगू मी त्याला? मीच त्याला शेजारून बोलावून आणलं होतं, माझा भाऊ मोठा सर्जन आहे, दाखव बोट, म्हणून. तू म्हणालास, 'नुसतं बघू दे.' हात टेबलावर ठेवायला लावलास. पीठ फुगायला थंडीत किती वेळ लागतो, असं विचारलंस. तो बिचारा हुरळून सांगायला लागला, गरम फडकं घालावं लागतं, भट्टीच्या जवळ ठेवावं लागतं, आणि त्याचं वाक्य संपायच्या आत बोट कापून टेबलाखाली.

बोट सडलं होतं, मान्य. ठेवलं असतं तर हात गेला असता, तेही मान्य. तू बरोबर होतास. तू लहानपणापासूनच बरोबर असतोस, हीच तर तुझी पंचाईत आहे. पण अरे, गिऱ्हाइकाची बाही दोन बोटं आखूड करायची झाली तरी मी आधी विचारते. आणि ते कापड असतं. त्याला घरी जाऊन कणीक मळायची नसते.

परवा त्याची बायको आली होती. बोट कुठे आहे म्हणाली. तुझ्या मदतनिसानं ते कुठे नेलं मला ठाऊक नाही. 'टाकलं असेल' हे शब्द तोंडातून निघेनात, म्हणून तिला पाणी दिलं आणि इकडचं तिकडचं बोलत बसले. ती समजली. उठून गेली.

तू विचारतोस, एवढ्या घाईनं बोलावलंस आणि मग दिवसभर काही बोलली नाहीस, काम काय होतं? काही नाही. बऱ्याच दिवसांत भेट नव्हती, एवढंच. पुढच्या महिन्यात पुन्हा येतो म्हणतोस, ते राहू दे. पलटणीच्या कोटांचं काम अंगावर आहे, तुझी सरबराई करायला मला सवड नाही.

आणखी एक. भट्टीवाला वकिलाकडे गेला आहे. मी त्याला पाठवलेलं नाही आणि अडवलेलंही नाही.

तुझ्यावर मनापासून वैतागलेली,
ताई

३ मे

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं आठ पानांचं पत्र पोचलं. एवढं तू कधी आईलाही लिहिलं नव्हतंस. फिर्याद झाली तेव्हा तुला शाई सापडली.

तुझं म्हणणं असं, की रोग्याला आधी सांगणं म्हणजे त्याला दोनदा कापणं. एकदा भीतीनं आणि एकदा सुरीनं. जागत्या माणसाला चार जणांनी धरून कापायचं, अफूचे चार थेंब आणि दारूचे दोन घोट यापलीकडे आपल्या हातात काही नाही, तेव्हा निदान आधीची रात्र तरी त्याला सुखाची जाऊ दे. आणि तो लोहार. तू शिकाऊ होतास तेव्हा तुझ्या गुरूंनी त्या लोहाराला आदल्या दिवशी सांगितलं, की उद्या पाय काढायचा, आणि तो खिडकीतून उतरून पळाला. आठवड्याभरानं गवताच्या गंजीत सापडला, आणि तो मरेपर्यंत तू त्याच्याजवळ बसला होतास. हे तू मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतंस. ती जागा मी दोनदा वाचली. तुझा हात एवढा वेगवान का, हे मला आत्ता कळलं. लोक तुला 'वीज' म्हणतात आणि तू खूश होतोस. मला वाटायचं, मिरवतोस. मिरवतोसही. पण तेवढंच नाही, एवढं मी मान्य करते.

पण लोहार पळाला म्हणून भट्टीवाल्याचं तोंड बांधायचं, हा कुठला न्याय? एक पळाला, तर बाकी सगळे पळणारच असं तू ठरवून टाकलंस. आणि आता मला लिहितोस, 'ताई, तुझ्या शब्दाला त्या गल्लीत मान आहे, त्याला समजाव, फिर्याद मागे घ्यायला लाव.' म्हणजे त्याचं बोट त्याला न विचारता गेलं, आता त्याची फिर्यादही त्याच्यासाठी मीच मागे घ्यायची. धन्य आहे तुझी. मी त्याच्याकडे रोज सकाळी पाव आणायला जाते. तो चार बोटांनी पाव मोजतो. सांगून बघ तू.

तुझा वकील येऊन गेला. बूट न पुसता आत आला, तयार कोटांच्या ढिगावर टोपी ठेवली आणि मला म्हणाला, तुम्ही साक्ष द्या की बोट फारच वाईट झालं होतं. मी म्हटलं, देते. आणि भाऊ 'नुसतं बघू दे' म्हणाला होता, अशीही देते. मग त्यानं टोपी उचलली.

बाकी ठीक. हल्ली उजवा हात जरा अवघडतो, म्हणून अक्षर वाकडं आलंय. कातरकाम बायकांवर सोपवलंय.

एक विचारायचं राहिलं. आमच्या ओळखीतल्या एका बाईच्या छातीत गाठ आहे. पहिल्यांदा वाटाण्याएवढी होती, आता सुपारीपेक्षा मोठी. दुखत नाही, म्हणते. अशी गाठ काढतात का? काढायला किती वेळ लागतो? नंतर हात वर होतो का? बाई शिवणकामच करते, म्हणून विचारलं. आणि नाही काढली, तर काय? सरळ सरळ लिही. तिला कुणी काही धड सांगत नाही.

ताई

२० जून

चि. धाकट्यास,

निकाल तुला वकिलानं कळवला असेलच. पण तो तुझा पगारी माणूस. त्यानं तुला गोड करून सांगितलं असेल. मी शेवटच्या बाकावर बसून सगळं ऐकलं, माझ्याकडून ऐक.

खोली छोटी, खिडक्या बंद, आणि मंडळी भरपूर. बोट गेलेला भट्टीवाला बघायला आलेल्यांची गर्दी होती. माझी साक्ष झाली. मग तुझ्या वकिलानं भट्टीवाल्याला उभं केलं. आधी त्याची जरा चेष्टा केली, पाव आता वेडेवाकडे होतात का वगैरे, लोक हसले. मग त्यानं ठेवणीतला प्रश्न काढला, की तुला सगळं नीट समजावून सांगितलं असतं, तर तू बोट काढायला नाही म्हटलं असतंस का? खरं सांग.

भट्टीवाल्यानं बराच विचार केला. म्हणाला, "नाही. हो म्हटलं असतं."

तुझा वकील लोकांकडे वळला, झालं तर मग, अशा थाटात. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "पण मी म्हटलं असतं."

कुणी हसलं नाही.

मग न्यायाधीश. त्यांच्यापुढे पेच असा, की असलं प्रकरण कधी कुणी आणलंच नव्हतं. सर्जननं हलगर्जी केली, गंजकी सुरी वापरली, तर त्याला नियम आहे. पण काम चोख केलं आणि फक्त विचारलं नाही, याला नियम कुठला? कुठेच लिहिलेलं नाही. शेवटी त्यांनी गावातल्या तीन सर्जनांना बोलावलं आणि विचारलं, तुमच्यात रीत काय? पहिले दोघे तुझ्या नावाला जपून गुळमुळीत बोलले. तिसरे म्हातारे, ज्यांनी आपल्या बाबांचं गळू कापलं होतं ते. त्यांना तुझ्याविरुद्ध बोलायची अजिबात इच्छा नव्हती. काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "आम्ही सांगतो आधी. सांगावंच लागतं. माणसाला मन घट्ट करायला वेळ लागतो."

एवढ्यावर निकाल झाला. सांगायची रीत आहे, ती या सर्जननं मोडली, म्हणून चूक त्याची. तुला भरपाई द्यायला लावली. आणि मी तिथे बसून चरफडत होते, धाकट्या, खुद्द न्यायाधीशांवर. कारण एवढ्या शहाण्या माणसांत एकानंही म्हटलं नाही, की बोट त्या माणसाचं होतं. सगळं काय, तर मन घट्ट करायला वेळ. जणू रोगी म्हणजे शिवायच्या आधी भिजवून ठेवायचं कापड. असो. आज एवढं मिळालं. पुढचं कुणीतरी पुढे भांडेल.

आता तुझ्या मागच्या पत्राकडे वळते. ते वाचून मी ते चुलीत घालणार होते. 'त्या बाईला माझ्याकडे पाठवून दे. गाठीबद्दल तिला काही बोलू नकोस, उगाच घाबरेल. नुसतं दाखवायला जा म्हणून सांग.' शाबास. कोर्टात खेचलं तरी तुझं आपलं तेच.

ती बाई म्हणजे मी.

मार्चमध्ये तुला बोलावलं होतं ते यासाठीच. भट्टीवाल्याचं बोट हे निमित्त. आधी त्याचं दाखवू, मग तो गेला की दार लावून तुला माझं सांगू, असं मनात होतं. दोन दिवस वाक्य जुळवत होते. आणि मग तू माझ्यासमोर त्याच्याशी कणकेच्या गप्पा मारल्यास. त्यानंतर मी अंगावर शाल घेऊन बसले ती तू जाईपर्यंत काढली नाही. तू विचारलंस, थंडी वाजते का? मी हो म्हटलं. मला तुझी भीती वाटली रे. तुझ्या सुरीची नाही, तुझ्या गप्पांची. तू माझ्याशी आईबद्दल बोलायला लागशील, मी डोळे पुसायला लागेन, आणि तेवढ्यात तू मला बरी करून टाकशील.

म्हाताऱ्या सर्जनना दाखवलं. ते म्हणाले, काढायला हवी आणि लवकर, पण माझा हात आता थरथरतो, तुमच्या भावासारखा हात आसपास कुणाचा नाही. म्हणजे देवानं माझ्यासाठी नेमका तूच ठेवलास.

तर ये. पण माझ्या अटीवर. दारातून आत आलास की 'नुसतं बघू दे' म्हणायचं नाही. आधी बसायचं आणि सांगायचं. कुठून कापणार, किती कापणार, कुणी कुठे धरायचं, किती वेळ, नंतर काय उरेल, काय बिघडू शकेल, सगळं. मी विचारेन त्याची उत्तरं द्यायची. मग मी हो म्हणेपर्यंत थांबायचं. आणि नाही म्हटलं, तर शस्त्रं गुंडाळून जायचं. तुला हे जमणार नसेल तर येऊ नकोस. मी लोहारासारखी खिडकीतून पळणार नाही, माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे.

वाट बघते, आणि बघायची इच्छाही नाही.
तुझी ताई

९ ऑगस्ट

चि. धाकट्या,

हे पत्र डाव्या हातानं लिहितेय, म्हणून थोडं थोडं करत चार बैठकांत होईल. तुला वाचायला त्रास झाला तर चांगलंच आहे. तू गेल्यापासून एक ओळ लिहिली नाहीस. भावजयीचं पत्र आलं, त्यातून कळलं की तू घरात बसून आहेस, रोगी परत पाठवतोस, 'माझा हात गेला' म्हणतोस. हात माझा अवघडला आहे, आणि बसून राहिलास तू. कमाल आहे.

म्हणून आता मी काय ते एकदा सगळं सांगते. त्या दोन दिवसांत तू स्वतःच्याच डोळ्यांनी बघत होतास, माझ्या नाही.

पहिल्या दिवशी तू आलास आणि बसलास. मदतनिसांना जिन्यात उभं केलंस. तू सांगायला लागलास खरा, पण खिडकीकडे तोंड करून, समोरच्या छपराला सांगितल्यासारखं. मी म्हटलं, माझ्याकडे बघून सांग. मग तू वळलास. सगळं सांगितलंस. नुसती गाठ काढून भागणार नाही, तो भाग पूर्ण काढावा लागेल. काखेपर्यंत जावं लागेल. जखम पिकू शकते. आणि सगळं नीट होऊनही गाठ पुन्हा येऊ शकते. हे शेवटचं सांगताना तुझा आवाज इतका खाली गेला की मला पुन्हा विचारावं लागलं. तू पुन्हा सांगितलंस. त्याबद्दल तुझे उपकार मी विसरणार नाही.

आणि मग मी नाही म्हटलं.

तू उखडलास. साहजिक होतं. दोन दिवसांचा प्रवास करून आलास, टेबल धुऊन ठेवलेलं, माणसं खोळंबलेली. 'हा काय पोरखेळ आहे? गाठ तुझ्यासाठी थांबणार आहे का?' जिन्यात उतरताना तू एवढ्या मोठ्यानं बोललास की भट्टीवाला दारात आला. तुला वाटलं, ताई सूड घेते, नाहीतर परीक्षा घेते. तसलं काही नव्हतं. मला खरंच नाही म्हणायचं होतं. नको होतं मला. कुणाला हवं असतं?

पण तू शस्त्रं गुंडाळून गेलास. चडफडत का होईना, गेलास. धर्मशाळेत जाऊन झोपलास. तू गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि मला आधी तर हसूच आलं. तुला मी लहानपणी आंघोळीला धरून न्यायची, तू हातपाय झाडायचास, तुझं कधी ऐकलं नव्हतं मी. आणि माझं 'नाही' तू ऐकलंस. मग रडले. अर्धा कोट पडला होता, त्याची कॉलर लावून टाकली, उजव्या हातानं, कारण पुन्हा कधी लावता येईल ते माहीत नव्हतं. डोकं धुतलं. आरशापुढे उभी राहिले आणि बघून घेतलं, सगळं, एकदा. मग जेवले आणि झोप लागली. दिवस मावळायच्या आत. तू म्हणतोस ना, आदली रात्र भीतीत जाते? माझे चार महिने भीतीत गेले होते. ती एक रात्र नाही गेली, कारण पुढचं सगळं मला माहीत होतं, आणि नको म्हटलं तर तू थांबतोस हेही माहीत झालं होतं.

सकाळी मी तुला 'ये' म्हणून निरोप पाठवला.

मी टेबलावर जाऊन बसले, आपली आपण. तुझ्या माणसांनी खांदे धरले. मी म्हटलं, कर. माझी अट इथे संपली होती. याच्या पुढे तू काही विचारायचं, असं काही ठरलं नव्हतं. पण तू सुरी हातात घेऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "ताई, करू ना?"

"हो, कर," मी म्हटलं.

आता तुला ज्याची लाज वाटते ते. हो, तुझा हात थरथरला. हो, तुला नेहमीपेक्षा वेळ लागला. दुखलं का विचारू नकोस, ते लिहिण्याजोगं नाही. तुझा मदतनीस म्हणाला, सर्जनसाहेब मध्येच रडत होते. मला दिसलं नाही, मी छताकडे बघत होते. काम झाल्यावर तू हात धुतलेस आणि निरोप न घेता गेलास, आणि आता भावजयीला सांगतोस, की रोग्याच्या डोळ्यांत बघितलं की कापता येत नाही, त्यापेक्षा न सांगता कापणं बरं, नाहीतर कापणंच नको.

अरे वेड्या, तुझा हात गेला नाही. तो पहिल्यांदाच माणसाला लागला. थोडे दिवस जड वाटेल. माझ्या बायका नव्या रेशमाला पहिली कातरी लावतात तेव्हा त्यांचाही हात अडतो. त्या घरी जाऊन बसत नाहीत.

इथली खबर अशी, की म्हातारे सर्जन रोज येऊन पट्टी बदलतात आणि तुझ्या टाक्यांना नावं ठेवतात, म्हणजे ते चांगले असावेत. जखम एका कोपऱ्यात अजून ओली आहे. ताप दोनदा येऊन गेला. हात खांद्यापर्यंत वर होतो, त्याच्या वर नाही. काल भट्टीवाल्याची बायको मुद्दाम वर आली. तिच्या भावाला मूतखडा आहे, दोन वर्षं कण्हतोय, कापून घ्यायला तयार नाही. तिनं विचारलं, तुमचे भाऊ आता आधी सांगतात का? आणि नको म्हटलं तर थांबतात का? मी म्हटलं, थांबतात. ती म्हणाली, मग त्याला घेऊन येते. तेव्हा कधी येतोस ते कळव. तो नाहीच म्हणाला, तरी चिडू नकोस.

एवढं लिहून थांबणार होते, पण भावजय लिहिते की तू झोपेत माझं नाव घेऊन उठतोस. म्हणून शेवटचं. जखम चिघळू शकते. गाठ पुन्हा येऊ शकते. ते तूच मला सांगितलंस, मी दोनदा ऐकलं, आणि ऐकून झाल्यावर एक रात्र झोपले. उद्या माझं काहीही झालं तरी 'मी ताईला कापलं' असं कुणाला सांगत फिरू नकोस. भट्टीवाल्याचं बोट तू एकट्यानं काढलं होतंस. हे तसं नव्हतं. हे आपण दोघांनी केलं, आणि त्यातला माझा वाटा मी तुला देणार नाही.

मी हो म्हटलं होतं.
ताई